सोडून दिलेला मासा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी आम्ही गोदावरीच्या खोऱ्यातील एका लहान मंडळीच्या भेटीस गेलो होतो. सायंकाळची उपासना आटोपल्यावर मंदिराच्या ओट्यावर बसून बोलणे चालले असता अमेरिकेतील एका तळ्याची गोष्ट निघाली. तेथील पुष्कळ लोक गळाने मासा धरतात, त्यास क्षणभर हाती घेऊन न्याहाळतात, आणि पुन्हा पाण्यात सोडून देतात, असे आम्ही सांगितले. त्या मंडळीत एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या नदीवर जाळे टाकण्याचा धंदा चालत आला आहे. इतका वेळ ते भिंतीस टेकून डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले व विचारले, "पाळकसाहेब, सोडायचाच होता तर धरला कशाला?"

सर्व मंडळी हसली. आम्हीही हसलो, आणि म्हणालो, "बाबा, त्या लोकांस मासा मारावयाचा नसतो. त्यांच्या मनात दया असते."

"दया?" बाबा म्हणाले. "गळ तोंडात रुतवला ती दया, की उपसून काढला ती?"

ह्या प्रश्नास आम्ही काही तरी उत्तर दिले. परंतु ते आमचे आम्हांसच पटले नाही. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर ते तळे, तेथील मासे, आणि तेथे आमच्या हातून घडलेली एक गोष्ट, जी आम्ही ओट्यावर सांगितली नव्हती, ही सारी आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. ती येथे सांगतो.

वाचकांपैकी कित्येकांस वाटेल की, ज्या घरात उद्याच्या भाकरीची विवंचना आहे त्या घरी परदेशातील हौशी लोकांच्या माशांची चर्चा कशास हवी? आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न माशांपुरता नाही. म्हातारा झालेला बैल बाजाराच्या वाटेवर सोडून देणारा मनुष्य, अथवा मांजरीची पिल्ले पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या वेशीत नेऊन सोडणारा मनुष्य, घरी येऊन समाधानाने म्हणतो, "मी काही मारले नाही." एखादा जीव आपल्या हातातून सुटू दिला म्हणजे त्याच्यावर दया केली असे होते काय? की आपण केवळ आपला हात मोकळा करून घेतो? हाच तो प्रश्न.

२०१६ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस इलिनॉय राज्यातील एका खेड्यातल्या मंडळीचे आम्ही पाहुणे होतो. आमचे यजमान शेतकरी होते, व वयाने सत्तरीच्या पुढे गेलेले होते. त्यांच्या मका व सोयाबीनच्या शेतांच्या मध्ये, सखल जागी, मातीचा बांध घालून अडविलेले सहासात एकरांचे एक तळे होते. अशी तळी त्या देशात लक्षावधी आहेत. १९३० नंतरच्या दशकात तेथे मोठा दुष्काळ पडला, शेतांची माती वाऱ्याने उडून गेली, आणि त्यानंतर माती व पाणी राखण्यासाठी सरकारने शेतकऱ्यांस अशी तळी बांधण्यास उत्तेजन दिले. गुरांस पाणी मिळावे हा पहिला हेतू. पण पाणी आहे तेथे मासे का असू नयेत, ह्या विचाराने त्यांत दोन जातींचे मासे सोडण्याची चाल पडली. एक ब्लूगिल व दुसरा बास.

ब्लूगिल हा तळहाताएवढा, चपटा व रुंद मासा. कल्ल्यापाशी कानाच्या पाळीसारखा काळा ठिपका, गालाखाली निळसर झाक, आणि तोंड अगदी लहान. पाण्यातील किडे, अळ्या व बारीक जंतू हे त्याचे अन्न. बास हा लांबट, हिरवट अंगाचा. त्याच्या कुशीवरून काळपट पट्टा जातो, व तोंड इतके मोठे की जबड्याची फट डोळ्याच्याही मागे पोहोचते. तो इतर मासे, बेडूक, जे तोंडात मावेल ते गिळतो. ब्लूगिलची पिल्ले हे त्याचे मुख्य खाद्य. गंमत अशी की हे दोघे एकाच कुळातले आहेत, आणि संधी सापडली की ब्लूगिलही बासची अंडी फस्त करतो. भाऊबंदकी काही आपल्याच गावात आहे असे नाही.

तेथे मासे धरण्यास सरकारी परवाना लागतो. तो आम्हांस यजमानांनी गावच्या दुकानातून काढून दिला. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ते आम्हांस एका लहान होडीत बसवून तळ्यावर घेऊन गेले. काठाजवळच्या उथळ पाण्यात ब्लूगिलची घरटी दिसत होती. नर आपल्या शेपटीने तळाची माती झाडून परातीएवढा खळगा करतो, मादी त्यात हजारो अंडी घालून निघून जाते, आणि पिल्ले पोहू लागेपर्यंत नर तेथे पहारा करितो, अंड्यांवर परांनी वारा घालितो, जवळ येईल त्यास हुसकून लावितो. अशी पन्नाससाठ घरटी एकास एक लागून होती. जणू परातींची पंगतच मांडली होती. ते पाहून आम्ही गळ टाकावयाचे विसरलो.

यजमानांनी आम्हांस दोन गोष्टी सांगितल्या. रात्रीच्या जेवणासाठी वीस ब्लूगिल हवेत. ते टोपलीत टाकावे. बास लागला तर हात ओले करून त्यास धरावे, म्हणजे त्याच्या अंगावरचा चिकट थर निघत नाही. गळ हलकेच काढावा, व त्यास पाण्यात सोडावे. आम्हांस हे उलटे वाटले. मोठा, मांसल मासा सोडावयाचा, आणि तळहाताएवढे काटेरी मासे घरी न्यावयाचे! त्यावर त्यांनी जे सांगितले ते आम्ही पुढे पुस्तकांतही वाचले.

अलाबामा राज्यात ऑबर्न येथील शेतकी विद्यालयात होमर स्विंगल नावाचे एक विद्वान होते. त्यांनी १९३४ सालापासून पुढे कित्येक वर्षे लहान तळी बांधून, त्यांत मोजून मासे सोडून, काही काळाने पाणी काढून टाकून पुन्हा मोजून पाहिले. त्यांस असे आढळले की तळ्यातील अन्न ठरलेले आहे. त्या अन्नावर थोडे मासे मोठे होतील, किंवा पुष्कळ मासे खुरटे राहतील. पुष्कळ आणि मोठे असे होत नाही. ब्लूगिलची वीण अफाट. त्यांस खाणारा बास तळ्यातून काढून नेला, तर दोनतीन वर्षांत तळे बोटाएवढ्या ब्लूगिलांनी भरून जाते. ते वयाने वाढतात, अंगाने वाढत नाहीत. सारे अर्धपोटी जगतात, व बासची अंडी खाऊन टाकतात, त्यामुळे बासची नवी पिढीही उभी राहत नाही. म्हणून एकरी शंभर बास असतील तर त्यांच्या दहापट वा त्याहून अधिक ब्लूगिल सोडावे, पहिली काही वर्षे बास राखावे, आणि ब्लूगिल मात्र धरीत राहावे, अशी रीत पडली. ज्या तळ्यात कोणी गळच टाकीत नाही ते तळे सुखी असते असा आमचा समज होता. तो त्या दिवशी गेला.

तरीही आमचा हात धजेना. लहान ब्लूगिल गळास लागला की आम्ही यजमानांची नजर चुकवून त्यास परत सोडीत होतो. वाचकांस सांगावयास संकोच वाटतो, पण त्या प्रत्येक वेळी आमच्या मनास एक प्रकारची ऊब येत होती. आपण किती कोमल अंतःकरणाचे, असे वाटत होते. यजमानांनी ते केव्हाच पाहिले होते. बऱ्याच वेळाने ते एवढेच म्हणाले की, हे तळे आमच्या वडिलांनी खोदले, त्याला आता पुष्कळ तोंडे झाली आहेत, आणि तुम्ही जो सोडता तो उपाशी राहण्यासच सोडता.

मग सूर्यास्ताच्या सुमारास आमच्या गळास बास लागला. त्या धक्क्याने आमची काठी वाकली, दोरी कापत पाण्यात फिरू लागली. खरे सांगावयाचे तर त्या चारपाच मिनिटांत आम्हांस दया, धर्म, पाळकपण, काही आठवले नाही. फार आनंद झाला. मासा होडीत आला तो हातभर लांब होता. त्याने गळ खोल गिळला होता. यजमान सांगत होते की दोरी कापा, गळ आत राहू द्या. परंतु आमच्या मनाने घेतले की गळ काढून त्यास पुरते मोकळे केले पाहिजे. आम्ही ओढला. कल्ल्यांतून रक्त आले. यजमान म्हणाले, हा आता जगावयाचा नाही, ह्याला टोपलीत टाका, घरी खाऊ. आम्ही म्हणालो, नाही, बास सोडावयाचा असे आपणच सांगितले. आणि त्यास पाण्यात सोडून दिले. तो थोडा तिरपा होऊन खाली गेला. आम्हांस वाटले, वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एकटेच बांधावर फिरावयास गेलो, तेव्हा तो लव्हाळ्यांत पांढरे पोट वर करून पडला होता, आणि एक कासव त्यास कुरतडीत होते.

हीच ती गोष्ट, जी आम्ही ओट्यावर सांगितली नव्हती.

त्यानंतर ह्या विषयावर जे हाती येईल ते आम्ही वाचू लागलो. पहिला प्रश्न हा की, माशास दुखते काय? पूर्वी पुष्कळांचे म्हणणे असे की, त्याचे रक्त थंड, त्यास कसले दुःख? २००३ साली लिन स्नेडन नामक एका विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडात ट्राउट जातीच्या माशांवर प्रयोग करून पाहिला. माशांच्या ओठांत मधमाशीचे विष किंवा आंबाचे पाणी टोचले असता त्यांचा श्वास जलद झाला, ते डोलू लागले, काहींनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले, आणि पुष्कळ वेळपर्यंत अन्नास तोंड लाविले नाही. अफूपासून काढलेले वेदनाशामक औषध दिल्यावर ही लक्षणे कमी झाली. काही पंडित अजून म्हणतात की मनुष्याच्या मेंदूस जो बाहेरचा थर आहे तो माशास नाही, म्हणून त्याच्या तडफडीस आपल्यासारखे दुःख म्हणू नये. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. परंतु ओठ खड्यांवर घासणारा मासा हे चित्र मनातून जात नाही, आणि जेथे शंका आहे तेथे शंकेचा लाभ माशास द्यावा, असे आम्हांस वाटते.

दुसरे असे आढळले की, एकच कृत्य तीन देशांत तीन प्रकारे तोलले जाते. अमेरिकेत सोडून देणे हे सभ्यतेचे लक्षण मानतात. बास धरण्याच्या तेथे मोठमोठ्या शर्यती होतात. त्या भरविणारे रे स्कॉट ह्यांनी १९७२ सालापासून धरलेले मासे जिवंत राखून पुन्हा सोडण्याचा प्रघात घातला, आणि तो देशभर पसरला. ह्याने मासे वाचले हे खरे आहे. तथापि एप्रिल-मे महिन्यांत बासचा नरही ब्लूगिलप्रमाणेच घरट्यावर राखण करीत असतो. त्यास गळाने उचलून, चार मिनिटे हाती धरून, सुखरूप परत सोडले, तरी तेवढ्या अवधीत आसपासचे ब्लूगिल अंडी लुटून नेतात, व परत आलेला बाप पुष्कळदा ते घरटे टाकून जातो. सोडणाऱ्यास वाटते, काहीच बिघडले नाही. शिवाय अलीकडे सारेच लोक बास सोडू लागल्यामुळे कित्येक तळ्यांत बासच दाट होऊन खुरटू लागले आहेत, आणि जाणते लोक आता सांगतात की लहान बास काढून खा. म्हणजे कालचा चांगला नियमही डोळे मिटून पाळावा असा नाही.

जर्मनीत ह्याच्या उलट. तेथील १९७२ सालच्या प्राणिरक्षणाच्या कायद्याप्रमाणे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यास योग्य कारणावाचून मारणे हा अपराध आहे, व कारणावाचून कोणत्याही प्राण्यास क्लेश देण्यासही बंदी आहे. मासा खाण्यासाठी धरणे हे योग्य कारण समजतात. केवळ धरून सोडण्याच्या हौसेसाठी धरणे समजत नाहीत. स्वित्झर्लंडच्या २००८ सालच्या नियमात तर, सोडून देण्याच्याच इराद्याने मासे धरू नयेत, असे स्पष्ट घातले आहे. गोदावरीकाठच्या आमच्या बाबांनी जे ओट्यावर बसून एका वाक्यात विचारले, तेच त्या देशाने कायद्यात लिहिले.

आणि तिसरा देश जपान. त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे.

१९६० साली जपानचे त्या वेळचे युवराज अकिहितो अमेरिकेस गेले असता शिकागो शहराच्या महापौरांनी त्यांस काही ब्लूगिल मासे भेट दिले. युवराज स्वतः मत्स्यशास्त्राचे अभ्यासक. माशांवर त्यांनी शास्त्रीय निबंध लिहिले आहेत. महायुद्धातील पराभवास पंधराच वर्षे झाली होती. हा मासा लवकर वाढतो, चवीस चांगला, आपल्या लोकांच्या पोटास उपयोगी पडेल, अशा सद्हेतूने त्यांनी तो मायदेशी आणून सरकारच्या मत्स्यसंशोधन खात्याच्या स्वाधीन केला. १९६६ साली इतो शहराजवळच्या इप्पेकी नावाच्या एका लहानशा तळ्यात तो सोडण्यात आला. पुढे तो देशभर पसरला. बिवा हे जपानचे सर्वांत मोठे सरोवर, त्यातही शिरला. तेथे त्याने देशी माशांची अंडी व पिल्ले खाल्ली. बास तर त्याच्याही आधी, १९२५ साली, एका धनिकाने कॅलिफोर्नियाहून आणून हाकोने येथील आशी सरोवरात सोडला होता. तोही १९७४ साली बिवात सापडला. ज्या देशी माशांवर तेथील कोळ्यांची उपजीविका होती, ज्यांस भातात मुरवून तेथील लोक शेकडो वर्षे खात आले, ते विरळ झाले. पुढे शास्त्रज्ञांनी रक्तबीजाची परीक्षा करून दाखविले की, जपानभरचे हे सारे ब्लूगिल आयोवा राज्यातील गटनबर्ग गावाजवळ मिसिसिपी नदीत धरलेल्या अवघ्या पंधरा माशांची संतती आहेत. पंधरा मासे! एका घागरीत मावले असते.

२००७ साली बिवा सरोवराच्या प्रांतात भरलेल्या एका सभेत त्याच अकिहितोंनी, जे तोवर सम्राट झाले होते, सर्व लोकांसमक्ष सांगितले की, हा मासा सुमारे पन्नास वर्षांपूर्वी मीच आणला, त्या वेळी अन्न म्हणून त्याविषयी मोठी आशा होती, आणि आज जे झाले आहे ते पाहून माझ्या अंतःकरणास क्लेश होतात. हे वाचून आम्ही पुस्तक खाली ठेविले. त्यांस कोणी दोष दिला नव्हता. देण्याचे कोणाचे धाडसही झाले नसते. चूक घडली तेव्हा ती चूक आहे हे कोणास ठाऊकही नव्हते. तरी आपल्या हातून जे सुटले ते आपलेच, असे ते म्हणाले. आमच्या मंडळ्यांत आणि आमच्या पाळकवर्गातही असे बोलणारे किती आहेत, ह्याची मोजदाद आम्ही येथे करीत नाही.

आता बिवा सरोवरावर २००३ सालापासून असा नियम आहे की, गळास लागलेला बास किंवा ब्लूगिल पुन्हा त्या पाण्यात सोडावयाचा नाही. काठावर पेट्या ठेविल्या आहेत, त्यांत टाकावा. तेथे सोडून देणे हेच गैर ठरले. एखादा कोमल मनाचा मनुष्य तेथे उभा राहून तडफडणाऱ्या ब्लूगिलकडे पाहून त्यास परत पाण्यात टाकील, तर त्या एकावर दया होईल, आणि ज्यांची अंडी तो उद्या खाईल त्या शेकडोंवर? ते अजून जन्मले नाहीत, ते आपल्या हातात तडफडत नाहीत, म्हणून ते आपल्यास दिसत नाहीत, इतकेच.

कोणी म्हणेल, तर मग सोडणे वाईट आणि मारणे चांगले, असे तुमचे मत झाले काय? तसे नव्हे. आमचे मत इतकेच की, सोडणे किंवा धरणे ह्यात दया नाही. सोडल्यावर त्या जिवाचे व त्याच्या भोवतालच्या जिवांचे काय होणार, हे जाणून घेण्याच्या कष्टात दया आहे, आणि त्या जाणण्यावरून जे करावे लागेल ते, मनास न रुचले तरी, करण्यात आहे. इलिनॉयच्या तळ्यावर आम्ही रक्ताळलेला बास सोडला तो माशासाठी नव्हे. आमच्या हातून जीव गेला असे होऊ नये, एवढ्यासाठी. जीव तर गेलाच. फक्त तो आमच्या डोळ्यांआड गेला, आणि जे अन्न झाले असते ते वाया गेले.

मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, एक लहानशी आज्ञा आहे, तिच्याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले, व आई अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसलेली असली, तर पिल्ले घ्यावी, परंतु आईस जाऊ द्यावे, अशा अर्थाची ती आहे. धर्मसेवेच्या विद्यालयात असताना आम्हांस ही आज्ञा विचित्र वाटे. दया करावयाची तर पिल्लेही का घ्यावी? आणि भुकेची गोष्ट असेल तर आईसही का सोडावे? त्या तळ्यावर जाऊन आल्यापासून ती विचित्र वाटत नाही. तेथे घेणेही आहे व सोडणेही आहे. आणि कोणास सोडावे हे घेणाऱ्याच्या हृदयाच्या ओलाव्यावर ठेविलेले नाही, तर पुढच्या वर्षीही त्या झाडावर घरटे व्हावे ह्या गोष्टीवर ठेविले आहे. निदान आम्ही तरी ती आज्ञा आता अशी वाचतो.

हे सर्व दूरदेशचे झाले. आपल्याकडे बास नाही. परंतु चिलापी आहे, आणि चिलापी काय करितो हे तळ्याकाठच्या कोणत्याही मुलास ठाऊक आहे. हा मासाही परदेशचाच. मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली हिंदुस्थानात आणला. त्याची मादी अंडी तोंडात धरून उबविते, म्हणून ती सहसा वाया जात नाहीत. वीण सारखी चालते, आणि लहान तळ्यात ब्लूगिलप्रमाणेच तो दाट होऊन बोटभर राहतो. गरिबाच्या ताटात त्याने मासा आणला हे नाकारू नये. पण आपल्या गावच्या तळ्यात मरळ व वाम पूर्वी किती निघत आणि आता किती निघतात, हे वडीलधाऱ्यांस विचारावे. ज्या बंधूंस पाझर तलावात किंवा विहिरीत दुसरीकडून आणलेले मासे "राहू देत बिचारे" म्हणून सोडण्याची सवय आहे, त्यांनी त्या पंधरा ब्लूगिलांची आठवण ठेवावी.

हे सर्व आम्ही पुढील भेटीच्या वेळी त्या वृद्ध बाबांस सांगितले; बासची गोष्टही सांगितली. पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. बाबांनी सर्व ऐकून घेतले, व विचारले, "मग तो मेलेला मासा कोणी खाल्ला नाही?"

"कासवाने खाल्ला," आम्ही म्हणालो.

"मग वाया नाही गेला," ते म्हणाले, आणि त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. ते आमच्यावर दया करीत होते, हे आम्हांस समजले.

मग आम्ही चढणीच्या माशांची गोष्ट काढली. पहिल्या पाण्याबरोबर पोटात अंडी भरलेले मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून शेताच्या चरांत चढतात, आणि ह्याच दिवसांत गावोगाव त्यांस धरण्याची धांदल उडते. गाभोळीचा मासा चवीस फार गोड, हे आम्हीही जाणतो. लहानपणी पुष्कळ खाल्ला आहे. अमेरिकेच्या लोकांस हसणे सोपे होते. इकडे येऊन बोलणे जड जात होते. बाबा म्हणाले, "आमचे वडील निम्मा ओढा मोकळा ठेवीत. निम्म्याला जाळे. रातच्याला तेही उचलीत. आता पोरं मच्छरदाणी लावतात, ह्या काठापासून त्या काठापर्यंत. चिमणीएवढं पिल्लू सुटत नाही."

त्यांचा थोरला नातू तेथेच बसला होता. शहाणा, कष्टाळू मुलगा. रविवारच्या शाळेत शिकवितो. तो म्हणाला, "आजोबा, आपण निम्मा सोडला तर वरच्या वस्तीचे लोक पुरता धरतील. मासा जगायचा नाहीच. फक्त आपल्या घरात शिजायचा नाही. मग पाळकसाहेबांचा तो मासा आणि हा, ह्यात फरक काय?"

बाबा आमच्याकडे पाहू लागले. आम्हांस एकदम उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने आम्ही म्हणालो की, वरच्या वस्तीतही आपली दोन घरे आहेत, आणि उरलेल्या घरांशी तुमचा देण्याघेण्याचा व्यवहार आहे. त्यांच्याकडे जाऊन हे कोणी बोलले आहे काय? नातू म्हणाला, नाही. बोलून काय होणार? आम्ही म्हणालो, ते आम्हांसही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी आमची गाडी सकाळची होती. आम्ही ती जाऊ दिली. पाऊस भुरभुरत होता. बाबांनी घोंगडे डोक्यावर घेतले, नातवाने छत्री आमच्या हाती दिली व स्वतः भिजत पुढे चालू लागला, आणि आम्ही तिघे ओढ्याच्या काठाने वरच्या वस्तीकडे निघालो.